दुपार वजा करून : इंदूर, महेश्वर, मांडव

मे लागला की आमच्या शाळेच्या ग्रुपवर वाद ठरलेला. पुणेकर (मूळचा रामबागेतलाच, पण इतकी वर्षं तिकडे राहून आता 'तुमचं इंदूर' म्हणायला लागलाय) थंड हवेच्या ठिकाणांच्या लिंका टाकत सुटतो. मंजू तिच्या शाळेची सुट्टी कधी संपते ते कळवते. डॉक्टर अंगठा दाखवून गायब होतो. यंदा बंड्याने एका ओळीत निकाल लावला : "मनालीला जाऊन ट्रॅफिकमध्येच बसायचंय ना भिया? मग घरी या."

अट एकच. सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच कुणी उन्हात पाय टाकायचा नाही. झोपायचं ते तेव्हाच. पहाट, संध्याकाळ आणि अख्खी रात्र मात्र वाया घालवायची नाही.

हे माळव्यात जमतं, सगळीकडे जमेलच असं नाही. इंदूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर. दिवसा पारा 42 वर गेला तरी अंधार पडल्यावर पठारावरून वारा सुटतो आणि गच्चीवर पहाटे चादर ओढावी लागते. 'सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध, शब-ए-मालवा' असं जुनी माणसं म्हणत आली, ती रात्रीच्या या वाऱ्यामुळेच. त्यातून आम्ही निवडलेले दिवस नेमके नवतप्याचे. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य रोहिणीत शिरतो आणि पुढचे नऊ दिवस सगळ्यात कडक मानतात. पुणेकर हादरला. बंड्याची आई मात्र खूश होती : "नवतपा तापू दे रे, तरच पाऊस चांगला पडतो."

बुधवार

सगळे येईपर्यंत रात्रीचे नऊ वाजले. राजवाड्यासमोर भेटलो. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, या इमारतीखाली आमच्या किती संध्याकाळी गेल्या असतील! 1984 च्या दंगलीत मागचा भाग जळला तेव्हा आम्ही लहान होतो. घरातल्या मोठ्यांचे चेहरे तेवढे आठवतात. तो भाग पुढे पुन्हा बांधला. पुणेकराला आता त्यातला नवा-जुना फरक ओळखू येईना. बंड्याने मग त्याला दगड दाखवत फिरवलं, जणू वाडा यानेच बांधलाय.

तिथून सराफा दोन मिनिटांवर. दिवसा सोन्या-चांदीच्या पेढ्या, आणि त्या बंद झाल्या की त्यांच्याच ओट्यांवर खाण्याची दुकानं लागतात. हे सगळ्या देशाला ठाऊक झालंय आणि तीच आता पंचाईत आहे. शनिवारी-रविवारी तिथे खायला नाही, ढकलले जायला जावं लागतं. म्हणून आम्ही बुधवार धरला. ज्याला सराफा खायचाय त्याने आठवड्याच्या मधल्या दिवशी, साडेदहानंतर जावं. मोबाइल उंच धरून चालणारे तोवर बरेच पांगलेले असतात.

उन्हाळ्यात इथे काय खावं यावर माझी ठाम मतं आहेत. गराडू, म्हणजे तळलेला कंद, हिवाळ्याचं, त्याचं नाव काढू नये. जलेबा, तो पावशेर वजनाचा एकच वेढा, बघायला ठीक. चौघांत एक पुरतो. भुट्ट्याचा कीस मात्र हवाच. मक्याचं कणीस किसून दुधात शिजवतात, वर लिंबू आणि खोबरं. आणि साबुदाण्याची खिचडी. आमच्या घरची तूप-जिऱ्याची, दाण्याच्या कुटाची, उपासाची. इथली वाफेवरची, मोकळी, अन् वर शेव, मिक्श्चर आणि जिरावण, म्हणजे इंदुरी मसाल्याची पूड! माझी आजी या खिचडीला खिचडी म्हणायला तयार नव्हती, पण द्रोण चाटूनपुसून रिकामा करायची.

पुणेकराने शिकंजी मागितली आणि लिंबू सरबताची वाट पाहत उभा राहिला. हातात आली ती दाटसर, दुधाची, केशर-सुकामेव्याची. "हे प्यायचं की खायचं?" त्याने विचारलं. दुकानदाराने त्याच्याकडे असं पाहिलं की मंजूने मध्ये पडून सांगितलं, "भिया, ये बाहर के हैं."

दीड वाजता घरी. गच्चीवर गाद्या घातलेल्याच होत्या.

गुरुवार

सहाला उठून पोहे-जलेबी. इंदुरी पोहे फोडणी दिल्यावर उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफेला ठेवतात, त्यामुळे शेवटची प्लेटही मऊ आणि गरम. बडीशेप, किंचित साखर, वर शेव, कांदा, जिरावण. याहून जास्त सांगत नाही, पोह्यांवरून मैत्री तुटलेली पाहिली आहे.

मग दहा वाजता दारं बंद. बंड्याच्या घरी एसी नाही, आणि तो लावणारही नाही. त्याचं सियागंजात हार्डवेअरचं दुकान आहे, कूलरचा पंप-मोटर-गवत सगळं तो विकतो. त्यामुळे कूलरवर त्याचं प्रवचन ठरलेलं : बाजूंना वाळ्याच्या ताट्या, त्यावर सतत ठिबकणारं पाणी, आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी. ती खिडकी बंद केली की दमट हवा आत कोंडते आणि कूलरचा पंखा होतो. मुंबईत कूलर कामाचा नाही कारण हवेत आधीच पाणी भरलेलं. इथली हवा इतकी कोरडी की पाणी झरझर उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. ही कोरडी हवाच कुमार गंधर्वांना 1948 मध्ये देवासला घेऊन आली. क्षय झाला होता आणि अशी हवा मानवेल असा सल्ला होता. आले औषधाला, आणि माळवी लोकगीतं गोळा करत कायमचे इथलेच झाले.

आमरस-पुरी खाऊन वाळ्याच्या वासात मेंढीकोट खेळलो. डॉक्टर आणि मंजू एका बाजूला आले की जिंकणं अशक्य. ती दोघं डोळ्यांनी बोलतात, असा माझा जुना आरोप आहे. तीन वाजता एकेक जण पत्ते हातात धरूनच झोपला.

संध्याकाळी चक्कर मारायला निघालो. माणिकबागेवरून गेलो तेव्हा पुणेकराला सांगितलं की उन्हाळ्यावरचा उपाय शोधणारा बंड्या पहिला नाही. 1930 च्या दशकात यशवंतराव होळकरांनी एकार्ट मुथेसिउस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून हा महाल बांधून घेतला, झुंबरं-कमानी सगळं वगळून, सरळ रेषांचा, आणि त्या काळात वातानुकूलित. आता तिथे कराचं सरकारी कार्यालय आहे. बंड्या म्हणाला, "तिथे गेलं की माणूस बिनएसीचा पण गार पडतो."

रात्री लवकर झोपायचं ठरलं होतं. काकूंनी, म्हणजे बंड्याच्या आईने, प्रत्येकाच्या हातात एकेक कांदा ठेवला, खिशात बाळगायला, लू, म्हणजे उन्हाची झळ, लागू नये म्हणून. आमचा डॉक्टर उज्जैनला दातांचा दवाखाना चालवतो. तो म्हणाला, "काकू, खिशातल्या कांद्याने काही होत नाही. पाणी, मीठ, साखर घ्या."

"तू दात बघ," काकू म्हणाल्या. कांदा त्याच्याही खिशात गेला.

शुक्रवार

साडेतीनला निघालो. मुंबईच्या रस्त्याने महू सोडलं, मानपूर आलं, आणि पुढे घाटात गाडी उतरायला लागली. इथे माळव्याचं पठार संपतं आणि खाली निमाड. खिडकीतून बाहेर काढलेल्या हाताला ते कळतं. वर गार असलेला वारा उतरता उतरता कोमट झाला. पहाटेच ही गत, तर दुपारी खरगोन जिल्हा देशाच्या तापमानाच्या यादीत वर का असतो ते सांगायला नको.

धामनोदहून आत वळलो आणि उजाडताना महेश्वरच्या घाटावर. इंदूरहून जेमतेम 90 किलोमीटर. पण पाच वाजता पोचणं आणि अकरा वाजता पोचणं यांत दोन वेगळी गावं दिसतात. अकरा वाजता दिसतो तो रिकामा, भाजणारा दगड. पहाटे पायऱ्यांवर धुणं आपटणाऱ्या बायका, सूर्याला अर्घ्य देणारे म्हातारे, पाण्यात सूर मारणारी पोरं, आणि 'नर्मदे हर' म्हणत कमंडलू भरणारा एखादा साधू. घाटाच्या मागे किल्ल्याची भिंत सरळ वर जाते आणि पहिलं ऊन आधी तिच्या माथ्यावर येतं. पाण्याला ते मिळायला आणखी बराच वेळ. तोवर नर्मदा आपली.

आम्ही उतरलो. पाणी कमरेपर्यंत गार, खाली त्याहून गार. मंजू शाळेत पोरांना 'रांगेत उभे राहा' सांगणारी, इथे सगळ्यात आधी उडी तिचीच. नावाड्याने मात्र आधीच बजावलं होतं, "दीदी, साखळी के आगे मत जाना." वरच्या अंगाला ओंकारेश्वरचं धरण आहे. तिथून पाणी सोडलं की पातळी हळूहळू नाही, पाहता पाहता चढते. कोरड्या खडकावर बसलेल्या माणसाला परतीची वाट राहत नाही. उन्हाळ्यातली नर्मदा शांत दिसते म्हणून कुणी घाट सोडून आडबाजूला पोहायला जाऊ नये. हे मी थट्टेत लिहीत नाही.

आठनंतर वर किल्ल्यात गेलो. अहिल्याबाईंनी 1767 पासून 1795 पर्यंत इथून कारभार केला. माळव्यातलं थंड इंदूर सोडून या तापत्या काठावर राजधानी! पुणेकराने विचारलंच, का? डॉक्टरचं उत्तर मला पटलं : त्यांना हवा नको होती, नदी हवी होती. राजधानी इंदूरला गेली ती 1818 मध्ये, मंदसौरच्या तहानंतर. किल्ल्यातला अहिल्याबाईंचा वाडा पाहिला की होळकरांच्या पुढच्या सगळ्या महालांची लाज वाटते. लाकडी खांब, ओसरी, बसायची साधी गादी. आजूबाजूच्या कुठल्याही पाटलाच्या वाड्याने याहून जास्त थाट केला असता. रोज सकाळी इथे मातीची लहान लहान शिवलिंगं करून, पूजा करून नर्मदेत सोडतात. त्यांच्या वेळेपासूनचा हा रिवाज अजून चालू आहे. आम्ही पोचलो तेव्हा पाटावर लिंगांच्या ओळी लागलेल्या होत्या आणि गुरुजींची बोटं त्या गरमीतही एका लयीत चाललेली.

शेजारीच हातमाग. रेशमाचा ताणा आणि सुताचा बाणा, म्हणून महेश्वरी साडी अंगाला हलकी. काठावर घाटाच्या लाटा, किल्ल्याच्या विटा. काही साड्यांना बुगडी, म्हणजे दोन्ही बाजूंनी नेसता येणारा काठ. बाईंनी बाहेरून विणकर आणून वसवले ते इथे असे टिकले. मंजूने दोन घेतल्या, मी एक. बंड्याने घड्याळ दाखवलं : पावणेदहा.

दिवसाचा मधला भाग एका जुन्या वाड्याच्या जाड भिंतीआड काढला. ज्वारीची भाकरी, डाळ, आणि निमाडी मिरचीचा ठेचा. बेडियाची मिरची बाजारात लाल डोंगरांसारखी पडलेली असते हे माहीत होतं, जिभेला माहीत नव्हतं. मग नदीच्या वाळूत पिकलेली खरबुजं, विहिरीच्या पाण्यात गार केलेली. बाहेर पारा 44. आम्ही झोपलेले.

साडेपाचला होडी केली. पात्राच्या मध्ये एका खडकावर बाणेश्वराचं छोटं देऊळ आहे, चारी बाजूंनी पाणी. पृथ्वीचं मध्य आणि ध्रुवतारा यांना जोडणाऱ्या रेषेवर ते उभं आहे, असं इथे सांगतात. पुणेकराने फोनवर होकायंत्र काढलं. नावाड्याने वल्हं थांबवून त्याला नीट पाहू दिलं आणि मग म्हणाला, "साहब, तारा रात को आता है." परतलो तेव्हा घाटाचे दगड अजून चटके देत होते, म्हणून शेवटच्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसलो. जेवणाची वेळ टळली तरी कुणी हलेना. डॉक्टरने एक निर्गुणी भजन सुरू केलं, दुसऱ्या कडव्याला अडकला, आणि शेजारच्या घोळक्यातल्या एका काकांनी ते तिथून उचलून पूर्ण केलं. ओळखदेख काही नाही.

शनिवार

पुन्हा पहाट, पुन्हा घाट, या वेळी चढणीचा. महेश्वर ते मांडव जेमतेम 40 किलोमीटर, पण निमाडातून पुन्हा पठाराच्या कडेवर. वर दरवाज्यांमागून दरवाजे लागतात. मांडवच्या तटाचा घेरच सुमारे 37 किलोमीटरचा.

सगळं जग सांगतं की मांडव पावसाळ्यात पाहावं. ढग, हिरवळ, भरलेले तलाव. पाहिलंय मी तेही, गाड्यांच्या रांगेतून. पण मी उलटं सांगेन. पावसाळ्यात मांडव देखावा असतो. त्या इमारती कशासाठी बांधल्या हे कळायला नवतप्यातच जायला हवं, कारण तेव्हा त्या काम करतात.

जहाज महालाचं गेट उघडलं तेव्हा आम्हीच पहिले. पंधराव्या शतकातला, गियासुद्दीन खिलजीच्या काळचा, सुमारे 120 मीटर लांब आणि रुंदीला अगदी अरुंद, एका हाताला मुंज तलाव आणि दुसऱ्या हाताला कपूर तलाव. मेमध्ये तलावांत तळ दिसत होता, म्हणजे जहाज जमिनीला लागलेलं. तरी वारा एका तलावावरून शिरतो आणि दुसऱ्याकडे निघून जातो, मध्ये भिंती कमी, कमानी जास्त. गच्चीवर पाण्याचे हौद, आणि त्यांत पाणी सोडणारी दगडी नाली सरळ न जाता वळसे घेत, गोगलगाईच्या शंखासारखी फिरत जाते. पाण्याचा वेग मोडावा, गाळ मागे राहावा म्हणून. बंड्या त्या नालीपाशी ओणवा होऊन दहा मिनिटं बोटाने उतार मोजत होता. "लेव्हल बघ भिया, लेव्हल," एवढंच.

पण खरी चंपा बावडी. वरून ती नुसती विहीर. जिन्याने खाली उतरलो तर पाण्याच्या पातळीजवळ कमानींच्या खोल्या, एकीतून दुसरीत जाणाऱ्या. उन्हाळ्यात राजघराणं इथे खाली राहायला यायचं. विहिरीवरून येणारी हवा गार होऊन या खोल्यांतून फिरते. बाहेर साडेनऊचं ऊन डोक्यात जात होतं आणि आत मंजूने ओढणी अंगाभोवती घट्ट केली. इतकी शतकं झाली, पंप नाही, वीज नाही, तरी ते तळघर अजून चालू आहे! बंड्याला कुणीतरी सांगितलं की हा तुझाच कूलर, फक्त मोठा. तो काही बोलला नाही. माझ्या अंदाजाने पहिल्यांदाच.

जवळच्या हमामाच्या छताला चांदण्यांच्या आकाराची भोकं आहेत, त्यातून उजेडाचे तुकडे जमिनीवर पडतात. होशंगशाहाच्या कबरीवर नुसती नजर टाकली. शुभ्र संगमरवर, आणि शाहजहानचे कारागीर 1659 मध्ये ती पाहायला आले होते असा शिलालेख दाराशी आहे.

वाटेत गोरखचिंचेची झाडं. मांडवमध्ये तिला खुरासानी इमली म्हणतात. मूळची आफ्रिकेची, खोड एवढं जाड की आम्हा पाचांच्या हातांचा वेढा अपुरा पडला. पानं नव्हतीच. एक भिलाली बाई सावलीत बसून तिची फळं विकत होती. कवच फोडलं की आत पांढरा, पिठासारखा, आंबट गर. तो गुळाच्या पाण्यात कालवून तिने आम्हाला पाजला. त्या दिवसातलं सगळ्यात चांगलं पेय तेच.

जेवायला दाल-पानिये. मक्याच्या पिठाचे जाड गोळे थापून, वरखाली रुईची पानं लावून गोवऱ्यांवर भाजतात. पानाचा ठसा पानियावर उमटतो, आणि धुराचा वास डाळीत उतरतो. त्यावर तुपाची धार. मग अर्थातच झोप.

संध्याकाळी नीळकंठ. दरीच्या कडेवर, पायऱ्या उतरून जायचं, अकबराच्या काळात बांधलेला छोटा विहारमहाल, आता शिवमंदिर. अंगणात पुन्हा ती वळसे घेणारी पाण्याची नाली आणि मध्ये कुंड. तिथून धावतपळत सुलतान बाज बहादूरची राणी रूपमती हिच्या महालात, सूर्यास्त गाठायला. नर्मदेचं दर्शन झाल्याशिवाय रूपमती अन्न घेत नसे, आणि ते व्हावं म्हणून ती इथे येई, अशी कथा. खाली निमाड पसरलेला, तीनशेहून जास्त मीटर खोल. आम्हाला धुळीची करडी चादर दिसली, बस्स. पुणेकर मात्र शपथेवर सांगतो की त्याला चांदीची रेघ दिसली. काल दिवसभर आपण त्याच पाण्यात होतो, म्हणून दिसलं असेल त्याला. आम्ही वाद घातला नाही, भूक लागली होती.

रविवार

सहाला मांडव सोडलं. धार 35 किलोमीटर, पवारांचं गाव. किल्ल्यात अर्धा तास. दुसरा बाजीराव इथे जन्मला, 1775 मध्ये, रघुनाथरावांची मंडळी आश्रयाला आली होती तेव्हा. पेशवाईचा शेवट जिथे जन्माला आला ती जागा पुण्यापासून इतकी लांब, याचं पुणेकराला उगीचच बरं वाटलं. लाट मशिदीजवळ प्रचंड लोखंडी खांबाचे तुकडे आडवे ठेवलेत. तेवढं पाहून कचोरी खाल्ली आणि दहाच्या आत इंदूर.

दुपारी हिशेब. बंड्याने वहीत सगळं लिहिलं होतं, बर्फाचे वीस रुपयेसुद्धा. सगळ्यात जास्त खर्च डिझेलवर, त्याखालोखाल खरबुजांवर. साड्या हिशेबात धरायच्या की नाही यावर मंजू आणि डॉक्टर अर्धा तास भांडले.

पुणेकराची बस रात्रीची होती. निघताना डॉक्टरने पुढच्या मेचं आमंत्रण देऊन टाकलं, उज्जैनला. गावाबाहेर कालियादेहला मांडवच्याच सुलतानांचा महाल आहे, क्षिप्रेचं पाणी दगडी कुंडांतून खेळवत आणलेलं. पहाटे तिथे बसायचं, दुपारी त्याच्या घरी.

"घरी एसी आहे ना?" पुणेकराने विचारलं.

"दवाखान्यात आहे," डॉक्टर म्हणाला. "खुर्चीवर आडवा हो, लावतो."